तिसऱ्या ओळीतली मुलगी

जळत्या गोवरीवर तूप पडले की आधी चर्र असा बारीक आवाज होतो आणि वास त्याच्या मागून येतो. तुपाचा, राखेचा, करपत चाललेल्या पुरणाच्या गोडीचा. आमच्याकडे खानदेशात याला आगारी टाकणे म्हणतात. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पाण्याने भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचे, समोर निखारे मांडायचे आणि घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचे नाव घेऊन घास निखाऱ्यावर सोडायचा. वैशाखाच्या उन्हात वर्षातून एकदाच हा वास घराघरातून फिरतो. तो आला की आम्ही मुले गप्प होत असू. कोणीतरी आत आले आहे आणि जेवते आहे, एवढे आम्हांला न सांगता कळत असे.

म्हणून थंडीतल्या त्या सकाळी, हरभऱ्याचे घाटे भरण्याच्या दिवसांत, शाळेच्या रिकाम्या व्हरांड्यात तो वास आला तेव्हा माझा खडू थांबला. पितरांना त्या महिन्यात येण्याचे काही कारण नव्हते.

ती तारीख मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून पाहिली आहे.

माझे गाव मुक्ताईनगरच्या बाजूला, तापीकाठी, केळीच्या बागांच्या ओलसर अंधारात बुडालेले. आठवीनंतर वडिलांनी मला धुळ्याला, देवपुरात मामांकडे शिकायला ठेवले. गावाकडून येताना मी दोन गोष्टी सोबत आणल्या होत्या: सुंदर अक्षर आणि एक लपवलेला डावा हात. डाव्या हाताने पाटीवर काही उमटले की घरी त्या हातावर पट्टी बसे. त्यामुळे चारचौघांत मी उजव्यानेच लिही. अक्षर त्याही हाताचे चांगले होते, पण ते शिकवलेले अक्षर होते. माझे नव्हते.

शाळेच्या दाराशी एक मोठा फळा होता. त्यावर रोज सकाळी ‘आजचे दिनविशेष’ लिहायचे काम इतिहासाच्या सरांनी मला नववीत दिले. शाळा भरण्याआधी तासभर मी तिथे एकटी असे. पांझरा नदीवरून येणारा गारवा, ओल्या फडक्याचा आणि खडूचा वास, आणि बघणारे कोणी नाही. त्या एका तासात मी डाव्या हाताने लिही. फळ्यावरचे ते अक्षर नेमके कोणत्या हाताचे, हे शाळेत कोणालाही कधी कळले नाही.

मजकूर सरांच्या वहीतून येई. सर शाळेच्या कुंपणाच्या भिंतीमागेच राहत. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, त्यांना लहानाचे मोठे केले होते आणि त्या दोघांचेच ते घर होते. संध्याकाळी मी तिथे जाऊन दुसऱ्या दिवसाच्या तीन नोंदी चिठ्ठीवर उतरून घेई. वही कसली, जाडजूड बाडच ते, बांधणीला डिंकाचा आणि आत कापराचा वास. तीनशे सहासष्ट पाने, प्रत्येक पान एका तारखेचे. एकाच पानावर कोणा राजाचा अभिषेक, त्याखाली शंभर वर्षांनंतरचे एखादे जहाज बुडणे, त्याखाली एखाद्या शास्त्रज्ञाला पहिल्यांदा दिसलेला धूमकेतू. शाई कुठे निळी, कुठे हिरवी, कुठे विटून तांबूस झालेली. मला ती पाने धर्मशाळेतल्या खोल्यांसारखी वाटत. चारशे वर्षांचे अंतर असलेली माणसे एका छपराखाली, एकमेकांची ओळख नसताना, मुक्कामाला उतरलेली. आणि वर्षातून एकदा कोणीतरी दार उघडून त्यांची नावे मोठ्याने वाचायची.

सरांचे नियम दोन होते. फळ्यावर तीनच नोंदी. आणि संदर्भ नसेल ती नोंद वहीत घ्यायची नाही. "ऐकीव गोष्टी ओट्यावर," ते म्हणत, "वहीत फक्त घडलेलं."

अक्कांना या वहीचे कौतुक मुळीच नव्हते.

"मरेल मानसेसन्या तारखा तुले बठ्ठ्या याद," त्या चुलीपुढून म्हणत, "घरमा तेल सरनं, ते याद नही."

"तेल इतिहासात येत नाही, अक्का."

"पोटमा ते येस ना!" मग माझ्याकडे वळून, "तारखा सरकारन्या शेतस, पोरी. मानूस तिथीवर जास." माणूस जातो तो तिथीला, तारीख ही सरकारची सोय, असे त्यांचे ठाम मत होते. सर हसत. मीही हसे.

त्या तारखेच्या पानापाशी मी आले त्या संध्याकाळी मात्र सर हसले नाहीत. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पानावर दोनच नोंदी होत्या. पहिली, चार शतकांपूर्वीची: परमुलखातल्या एका बखरकाराला त्याच्या कागदांसकट जाळले गेले. दुसरी, दोन शतकांपूर्वीची: दिवसांची गणिते मांडणारा एक पंचांगकर्ता मांडता मांडताच बैठकीवर गतप्राण झाला. दोघेही दिवस लिहून ठेवणारे. त्यांच्याखाली तांबड्या शाईने तीनचा आकडा घातलेला होता. त्याच्यापुढे काहीच नव्हते. नुसते कोरे.

मी विचारले, "सर, तिसरी?"

"ती अजून व्हायची आहे," ते म्हणाले, आणि लगेच, स्वतःलाच दटावल्यासारखे, "सापडायची आहे."

बाकीचे मला अक्कांनी सांगितले. आदल्या वर्षी याच तारखेला सर वर्गात फळ्यापुढे कोसळले होते. घटकाभर शुद्ध नव्हती. मिटलेल्या मुठीतला खडू दोघांनी मिळून सोडवावा लागला. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला. सरांनी घरी आल्यावर वही उघडली, त्या दोन नोंदी वाचल्या आणि तांबड्या शाईने तो आकडा घातला. त्या दिवसापासून त्यांचा त्या पानावरचा विश्वास आणि त्यांचा इतिहासावरचा विश्वास एकमेकांशी भांडत होते. उद्या त्यांनी रजा टाकली होती. दिवसभर ते खाटेवर पडून राहणार होते, कागदाला हात न लावता.

अक्का चुलीतली राख सारखी करत होत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "आकडा कसाले मांडा त्यानी? रिकामं ताट मांडं का कोनी ना कोनी जेवाले येस."

हे मला नव्याने सांगावे लागत नव्हते. पितरांच्या पंगतीत एकही ताट जास्तीचे मांडत नाहीत, चुकून मांडलेच तर लगेच त्यावर काहीतरी वाढतात, हे आमच्याही घरचे होते. आणि घरातल्या सगळ्यांची आगारी झाली की माझी आई शेवटचा एक घास वेगळा काढी, ज्यांचे नाव आता कोणालाही आठवत नाही त्यांच्यासाठी. मोकळी जागा उपाशी ठेवायची नाही. सरांनी नेमके तेच केले होते, आणि इतक्या शिकलेल्या माणसाला ते कळले नव्हते. रात्री झोपताना मला एवढेच दिसत होते: तांबडा आकडा, आणि त्याच्यापुढे जेवायला बसल्यासारखे सर.

सकाळी मी फळा ओल्या फडक्याने पुसला. दोन नोंदी लिहिल्या. तीनचा आकडा घातला. भिंतीपलीकडे सरांच्या घरी सामसूम होती. एरवी या वेळी त्यांच्या खोकण्याचा आवाज येई. माझी बोटे गारठली होती. मग मी ती ओळ लिहिली, कुठेही न वाचलेली:

‘तापीकाठच्या एका गावात पोथ्यांची नक्कल करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचा लिहिता लिहिता मृत्यू. तिचे नाव कोणालाही ठाऊक नाही.’

शतक मी वरच्या दोन नोंदींच्या मधले दिले. खोटे लिहिताना ओळ वाकडी जाईल असे वाटले होते. उलट ती ओळ इतकी सरळ उतरली, जणू खाली कोणी आधीच गिरवून ठेवली होती. पूर्णविराम दिला, आणि तेव्हा तो वास आला. गोवरीचा, तुपाचा, पुरणाचा. मी मागे वळून पाहिले. व्हरांड्यात कोणी नव्हते. फळ्याशेजारच्या खिडकीच्या काचेत माझे प्रतिबिंब होते, हात वर केलेले. काचेत तो उजवा दिसत होता.

त्या दिवशी सरांना काही झाले नाही.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ते खाटेवर बसून हरभरा सोलत होते, आणि अक्का त्यांना, दाणे कमी आणि टरफले जास्त पडताहेत म्हणून बोलत होत्या. चुलीजवळ एका खापरात राख होती. अक्कांनी माझी नजर पाहिली.

"सकायमा एक घास टाका मी," त्या हळूच म्हणाल्या. "बिन नावना. कोन ऊनं जेवाले, देवले ठाऊक."

तर वासाचा उलगडा भिंतीपलीकडच्या त्या खापरात होता. मी स्वतःला तसे समजावले. पण एकाच घटकेला आम्ही दोघींनी, एकमेकींना न विचारता, एकाच रिकाम्या ताटावर वाढले होते. एकीने घास आणि दुसरीने माणूस.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला. वरच्या दोन ओळी गेल्या. तिसरी, फळा ओला असेतो नाहीशी होई आणि फळा वाळला की पुन्हा वर येई, पुसट, राखाडी, पण वाचता येण्याजोगी. मी तिच्यावरून लिहीत राहिले. आठवडाभर प्रत्येक नव्या दिवसाखाली ती मुलगी दिसत होती.

आठवड्याने सरांनी विचारले, "ती तिसरी नोंद. संदर्भ काय?" शाळेतल्या मुलींनी त्यांना सांगितले होते. मी म्हणाले, गावी घराच्या माळ्यावर एक जुनी पोथी आहे, तिच्या शेवटच्या पानावर. पोथी आणून दाखव, असे ते कोणालाही म्हणाले असते. मला म्हणाले नाहीत. त्यांनी दौत उघडली आणि ती ओळ तांबड्या आकड्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिली. लिहून झाल्यावर त्यांनी सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो. त्यानंतरच्या वर्षी त्या तारखेला त्यांनी रजा घेतली नाही.

धुळ्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्राचा माणूस आमच्या फळ्यावरून दिनविशेष उतरून नेत असे. पुढच्या थंडीत ती मुलगी छापून आली. मी कात्रण पाहिले, घडी केली आणि काही बोलले नाही. बोलले असते तर ताट पुन्हा रिकामे झाले असते.

दहा-अकरा वर्षे गेली. अक्का गेल्या, तिथीने, त्यांना हवे तसे. मी जळगावला एका शाळेत मराठी शिकवू लागले होते. लिहीत होते उजव्याच हाताने. सवय अंगात मुरली होती आणि डावा हात आता फक्त भाजी चिरायला उरला होता. नव्वदच्या दशकातल्या एका थंडीत, सकाळी शाळेत शिरताना दाराशी पाय अडखळले. तिथल्या फळ्यावर, कोणा मुलीच्या वळणदार अक्षरात, ती होती. तापीकाठ. पंधरा वर्षे. पोथ्यांची नक्कल. आणि एक शब्द जास्तीचा: ‘डावखुऱ्या’ मुलीचा मृत्यू.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आमच्या मोठ्या बाई घाटे सोलत बसल्या होत्या. त्यांचे सासर तापीकाठचे, माझ्या गावापासून चार कोसांवर.

"काय गं," त्या म्हणाल्या, "फळ्यापुढे भूत बघितल्यासारखी काय उभी होतीस?"

"बाई, ती तिसरी नोंद कुठून आली?"

"मीच सांगितली मुलींना. आमच्याकडचीच ती. सासरी अखाजीला बिननावाचा घास टाकतात ना, तो तिचाच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून! माझ्या सासूला विचारशील तर ती सांगेल, सृष्टी झाली तेव्हापासून." त्या हसल्या. "डावखुरी होती म्हणे. म्हणून तिचा घास डाव्या हातानं सोडायचा, नाहीतर ती घेत नाही. माझी धाकटी जाऊ विसरली एकदा, तर निखारेच विझले."

"हे कुठे छापलंय का?"

"अगं, छापायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक आहे ते." आणि मूठभर घाटे माझ्यापुढे सारून, "सोल की. नुसती बघतेस काय?"

मी सोलू लागले. टरफलाची ती आंबट, खारट ओल बोटांना लागली. वर्तमानपत्राच्या कात्रणातले शब्द मला पाठ होते. त्यात हात नव्हता. सरांच्या वहीत हात नव्हता. मी मामींना सांगितले नव्हते, आईला नाही, नवऱ्यालाही नाही. ओळ कोणत्या हाताने लिहिली गेली हे फक्त ती लिहिणारीला माहीत होते, आणि जिच्याबद्दल लिहिली तिला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, खिडकीबाहेर वेचणी उरकलेली, वाळक्या पळकाट्या उभ्या असलेली कापसाची राने. सरांना सांगायचे, एवढेच ठरले होते. माझ्या खोटेपणाला आता लोक घास देत होते. ते माझ्याच्याने सोसवत नव्हते. पण सांगितले की सरांच्या पानावरची तिसरी जागा मोकळी होणार होती, आणि तीही आजच्या तारखेला. ते सत्तरीकडे झुकले होते. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी उतरून परत फिरण्याच्या बेतात होते. पिशवी हातात घेतली होती. मग बस सुटली.

दार उघडे होते. सर नदीवर फेरी मारायला गेले होते. याच तारखेला, एकटे, निर्धास्त. कोपऱ्यात अक्कांची घागर पालथी घातलेली होती. ते आले, मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग चेहरा उजळला. चहा त्यांनी स्वतः केला. साखर घालायला विसरले. आम्ही तो तसाच प्यालो.

"आज कशी आलीस? आज तर तुझ्या त्या मुलीचा दिवस," असे म्हणून त्यांनी आपणहून वही काढली. कापराचा वास तसाच होता. तांबडा आकडा विटला होता. पुढची निळी ओळ मात्र काल लिहिल्यासारखी. कडेला, जिथे ते संदर्भ लिहीत, तिथे त्यांनी बारीक अक्षरात नोंदले होते: ‘विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून’. सबंध वहीत तसा संदर्भ दुसरा नव्हता. ती वही पुढे माझ्याकडे आली, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकते.

"सर," मी म्हणाले, "ती पोथी नव्हती. ती मुलगीही नव्हती. त्या सकाळी मी ती केली. त्या आकड्यापुढची जागा तुमच्याऐवजी कोणीतरी भरावी म्हणून."

त्यांनी वही मिटली नाही. रागावलेही नाहीत. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ बोट ठेवून वाचू लागले, परीक्षेचा पेपर तपासावा तशी.

"तापीकाठचं एक गाव," ते म्हणाले. "कोणतं?"

"मनात तेव्हा माझंच होतं."

"पंधरा वर्षांची."

"मी पंधराव्या वर्षात होते, सर."

"पोथ्यांची नक्कल करणारी." ते थांबले. मी रोज संध्याकाळी ज्या पाटावर बसून चिठ्ठी उतरून घेई, तो पाट अजून भिंतीशी होता. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिले.

मग मी त्यांना मोठ्या बाईंचे सांगितले. डाव्या हाताने सोडायचा घास सांगितला. विझलेले निखारे सांगितले. सर ऐकत होते आणि त्यांची नजर माझ्या मांडीवर खिळली होती. तिकडे पाहिले तेव्हा मला दिसले, रिकामी कपबशी मी डाव्या हातात धरली होती, आणि त्या हाताचा अंगठा बोटांवर घासत होता, खडू धरावा तसा. ते मी करत नव्हते.

बाहेर कोणाच्या तरी अंगणात गोवरी पेटली असावी. चर्र असा बारीक आवाज आला, आणि त्याच्यामागून वास.

सरांनी दौतीकडे हात नेला. ती ओळ ते खोडणार असे मला वाटले. खोडून तिथे ते कोणाला लिहिणार? पण त्यांनी दौत उघडलीच नाही. आपला तळहात त्यांनी पूर्ण पसरून त्या ओळीवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि सगळी वर्षे उलटी वाचून झाल्यासारखे, अगदी खालच्या आवाजात त्यांनी मला विचारले:

"माझ्या जागी तू लिहिलंस, स्वतःला?"